जुळलेल्या भुवया

माझ्या मुलीच्या भुवया जुळलेल्या होत्या. हे आधीच सांगून टाकते, कारण आता हे सांगणारी मी एकटीच उरले आहे. आमच्या ह्यांना विचाराल तर म्हणतील, "छे, कांचनच्या भुवया पहिल्यापासून बारीकच." त्यांचं मुळीच ऐकू नका. कारखान्यात बावीस वर्षं इन्स्पेक्शनला काढली या माणसानं. लोखंडावरचा केसाएवढा ओरखडा ह्यांना लांबून दिसतो, आणि घरात बायको नवी साडी नेसून समोर उभी राहिली तर म्हणतात, आमटी आणखी वाढ.

मी वसुधा. माहेर सांगलीचं. लग्न होऊन भोपाळला आले ती थेट कारखान्याच्या टाउनशिपमध्ये. तेव्हापासून क्वार्टर तेवढे बदलले, टाउनशिप नाही. मी गोरी आहे, घारी आहे, आणि ते मला माहीत आहे. खोटा विनय मला जमत नाही. कांचन मात्र सगळी ह्यांच्या घरावर गेली. रंग सावळा, आणि भुवया थेट आमच्या सासूबाईंच्या. दाट, काळ्याभोर, नाकाच्या वर एकमेकींना भेटलेल्या. सासूबाईंचा फोटो आमच्या हॉलमध्ये आहे, त्यात तुम्हीसुद्धा बघू शकाल.

तर मी बोलायचे. कबूल करते. पोर सहा-सात वर्षांची होती तेव्हापासून बोलायचे. मसुराच्या डाळीचं पीठ, दुधाची साय, आंबेहळद, संत्र्याच्या साली वाळवून केलेली पूड, जे कोणी सांगेल ते मी तिच्या तोंडाला फासलं. रविवारी मैत्रिणी खेळायला बोलवायला यायच्या आणि ही मागच्या अंगणात लेप लावून बसलेली असायची. कॉलेजात गेल्यावर मी तिच्या तोंडाला ब्लीचही लावलं. तीन दिवस गाल लाल झाले होते आणि भुवया तांबूस, मांजरासारख्या. "तुला कोण पत्करणार गं बाई," हे माझं पालुपद. वाईट मनानं नाही हो. कुठली आई बोलत नाही? पण मी जरा जास्त बोलायचे, मला तोंड आवरत नाही.

सरोज आमच्या शेजारी राहायला आली ती नव्वद सालच्या दिवाळीनंतर. ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबातली, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी. नवरा कारखान्याच्या स्टोअर्समध्ये क्लार्क, कोणाशी बोलायचा नाही. आधी शाहपुऱ्याला भाड्यानं राहत होते, मग क्वार्टर मिळाला. मूल दिसलं नाही, म्हणून मीही विचारलं नाही. तेवढं भान आहे मला.

आमचे क्वार्टर जोडीजोडीनं बांधलेले. मधली भिंत एक आणि तिच्या दोन्ही अंगांना सगळं उलटं. आमचं स्वयंपाकघर डाव्या हाताला, तर सरोजचं उजव्या. आमच्या दिव्याचं बटण दाराच्या उजवीकडे, तिचं डावीकडे. तिच्याकडे गेलं की मला जरा गरगरायचं. सगळं आपलंच, पण कुठलंच जागेवर नाही.

महिला मंडळानं पार्लरचा कोर्स काढला होता, तो तिनं केलेला. मागच्या खोलीत एक टेकायची खुर्ची, पावडरचा डबा, पांढऱ्या दोऱ्याची रिळं, एवढ्यावर तिनं काम सुरू केलं. आरसा नव्हता. मी पहिल्याच दिवशी म्हटलं, "अहो सरोजताई, पार्लर म्हणता आणि आरसा नाही?" तर म्हणाली, "आरसा कशाला, वहिनी? मी बघून राहिले ना." दोऱ्याचं एक टोक दातात धरून ती असं काही भराभर काम करायची की डोळ्यांतून पाणी यायच्या आत संपलेलं असायचं. न्यू मार्केटपर्यंत बसनं जायचं कोण? अख्खी टाउनशिप तिच्याकडे जायला लागली. मीही गेले. भुवया सुरेख झाल्या, पंधरा दिवसांत पुन्हा वाढल्या, पुन्हा गेले.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्याकडे बारा-तेरा जणी आल्या होत्या. भिंतीला टेकून सगळ्या सतरंजीवर बसल्या होत्या आणि मी वाण घेऊन आतून बाहेर आले. तेवढ्यात माझ्या हातातलं ताट निसटलं, खणकन आवाज झाला, आणि सगळ्यांनी एकदम वर पाहिलं. बाई गं! तेरा तोंडं आणि भुवई एकच. तीच बारीक कमान, टोकाकडे तशीच जरा उचललेली, डावी उजवीपेक्षा किंचित वर. गोरी, काळी, जाडी, रोड, सगळ्यांच्या चेहऱ्यांतून एकच कोणीतरी माझ्याकडे बघत होतं, आणि ती माझ्या ओळखीची नव्हती. क्षणभरच. मग सगळ्या हसल्या आणि जो तो चेहरा ज्याचा त्याचा झाला.

"सरोजताईंनी युनिफॉर्मच काढलाय," मी म्हटलं. सगळ्या खदखदल्या. समोरच्या क्वार्टरमधली इंदुमती तर लोळायचीच बाकी होती. सरोज हसली नाही. ती एकेकीकडे बघत होती, आणि एकेकीकडे बघून झालं की तिचा चेहरा पडत होता.

फेब्रुवारीत कांचनला स्थळ आलं. इंदूरच्या सदाशिव टेंब्यांचा मुलगा, इंजिनिअर, नोकरी मंडीदीपला. म्हणजे पोर लग्नानंतरही तासाभराच्या अंतरावर राहिली असती. मला आणखी काय हवं होतं? त्यांनी फोटो मागवला. मी कांचनला हाताला धरून सरोजकडे नेलं. एकोणीस वर्षांची मुलगी, तोवर तिनं भुवयांना दोरा लावून घेतला नव्हता. म्हणायची, मला नको, दुखतं.

"हिचं काहीतरी करा हो," मी सरोजला म्हटलं. "हे जंगल मला आता बघवत नाही."

कांचन खुर्चीत बसली आणि डोळे मिटून घेतले. सरोजनं तिची हनुवटी बोटांनी उचलली आणि बघत राहिली. किती वेळ बघावं? पाच मिनिटं, दहा मिनिटं. मला घरी कुकर लावायचा होता. शेवटी मी म्हटलं, "अहो, करताय ना?" तर सरोज म्हणाली, "कशा करू, वहिनी?" मी म्हटलं, "मला काय विचारता? तुमच्या हाताला येतील तशा करा. आहे त्यापेक्षा काहीही बरंच." आणि मी घरी निघून आले.

तासाभरानं कांचन आली. दारात उभी राहिली आणि मी हातातली पळी तशीच धरून बघत राहिले. इतकी देखणी मुलगी माझ्या घरात होती आणि मला ठाऊक नव्हतं! रंगसुद्धा उजळलेला दिसत होता, डोळे मोठे झालेले, मान उंच. मी मीठ-मोहऱ्या घेऊन तिची दृष्ट काढली. संध्याकाळी हे आले तर त्यांना म्हटलं, "बघा तरी लेकीकडे." ह्यांनी पाहिलं. "काय बघू? बरी आहे ना?" झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघरात यायला निघाली आणि भिंतीवर आपटली. अक्षरशः. आमचं स्वयंपाकघर डावीकडे. ही उजवीकडे वळली आणि धाडकन कपाळ भिंतीला. मी म्हटलं, झोपेत आहे. मग दुपारी दिव्याचं बटण शोधत दाराच्या डाव्या बाजूची भिंत चाचपत होती. जन्मल्यापासून नाही तरी अकरा वर्षं याच क्वार्टरमध्ये वाढलेली पोर! संडासाचं दार, बादलीची जागा, चपलांची जागा, सगळीकडे ती उलट्या बाजूला जायची, थबकायची आणि परत वळायची. मी चिडले. "सोंगं करू नकोस हं कांचन." ती म्हणाली, "नाही करत." आणि दोन-तीन दिवसांनी चहा गाळता गाळता मला म्हणाली, "तुम्ही साखर किती घेता?"

तुम्ही! आमच्या घरात आईला तू म्हणतात. मला वाटलं, रागावली आहे, जंगल म्हटलं त्याचा डूख धरलाय. मीही मग मुद्दाम लक्ष दिलं नाही. मुली फुगतात आणि उतरतात. पण मला मेलीला झोप लागेना. माझ्या चहात किती साखर हे ती कशी विसरेल? तोच चहा ती पाच वर्षं करत होती.

त्या शनिवारी फोटो काढायला आम्ही बिट्टन मार्केटला गेलो. भाजीबाजाराच्या मागच्या रस्त्याला एक जुना स्टुडिओ आहे, बाहेर काचेच्या कपाटात नमुन्याचे फोटो लावलेले. मी पायरी चढता चढता सहज तिकडे पाहिलं, आणि माझं डोकंच फिरलं. वरून दुसऱ्या ओळीत कांचनचा फोटो. साडी नेसलेली, मान जराशी वळवलेली, ऐटीत. मी तिचा दंड धरला.

"हा कधी काढलास? कोणाला देण्यासाठी काढलास? आमच्यापासून लपवून हे धंदे चाललेत होय!"

रस्त्यातली माणसं बघायला लागली तरी मी थांबले नाही. स्टुडिओवाला म्हातारा बाहेर आला, कांचनकडे बघून ओळखीचं हसला. "आओ बिटिया, बहुत दिन बाद आईं." मी त्याच्यावरही तोंड सोडलं. तो बिचारा गोंधळला. "नाराज क्यों होती हैं भाभी? ये फोटो तो आठ साल पुरानी है. रिश्ते के लिए खिंचवाई थी, माँ साथ आई थीं." मग त्यानं कपाट उघडून फोटो माझ्या हातात दिला. कडा पिवळ्या पडलेल्या, कृष्णधवल, मागे शिक्का आणि तारीख. तेव्हा माझी कांचन अकरा वर्षांची होती, फ्रॉक घालत होती.

मी फोटो हातात धरून उभी. माझ्या खांद्यावरून कांचननं वाकून पाहिलं आणि अगदी सहज म्हणाली, "जांभळी साडी होती ती. त्या दिवशी पदरावर चहा सांडला होता, म्हणून मी मान अशी वळवली, डाग झाकायला."

भर दुपार होती, समोर भाजीवाले ओरडत होते, आणि मला तिच्याकडे मान वळवून बघायची भीती वाटत होती. माझ्याच मुलीकडे. फोटो न काढताच मी तिला घेऊन निघाले. रिक्षात ती बाहेर बघत होती आणि मी तिच्या हाताकडे बघत होते, कारण हात तिचेच होते.

घरी आल्या आल्या मी कपाटातून अल्बम काढला. म्हटलं, जुने फोटो तर खोटं बोलणार नाहीत. पहिल्या वाढदिवसाचा, भोजपूरच्या सहलीचा, शाळेच्या स्नेहसंमेलनाचा, एकेक पान उलटत गेले. दोन वर्षांची कांचन माझ्या मांडीवर बसलेली, आणि तिच्या भुवया बारीक, कमानदार, टोकाकडे उचललेल्या. पाच वर्षांच्या कांचनच्या तशाच. मुंजीत मामाशेजारी उभी असलेल्या नऊ वर्षांच्या कांचनच्याही तशाच, डावी किंचित वर. मी अल्बम घेऊन ह्यांच्यापुढे आपटला.

"बघा! बघा हे!"

"काय बघू? कांचनच आहे."

"हिच्या भुवया अशा होत्या? तुमच्या आईसारख्या होत्या ना? जुळलेल्या होत्या ना?"

ह्यांनी चष्मा लावून नीट पाहिलं. त्यांची ती सवयच, कारखान्यातली; नीट पाहिल्याशिवाय सही नाही. मग म्हणाले, "अशाच होत्या वसुधा. तुला बरं वाटत नाहीये का?"

मी हॉलमध्ये जाऊन सासूबाईंच्या फोटोपुढे उभी राहिले. त्यांच्या भुवया जागच्या जागी होत्या, जाड, काळ्या, जुळलेल्या. मला जन्मात त्या बाईचा इतका आधार वाटला नव्हता. म्हणजे मी वेडी नव्हते.

इंदूरला कळवून टाकलं की सध्या आमचा विचार नाही. ह्यांनी विचारलं का, तर मी म्हटलं, मुलगी लहान आहे. चांगलं स्थळ मी माझ्या हातानं घालवलं आणि मला त्याचं काही वाटलं नाही. मला फक्त त्या भुवया परत हव्या होत्या. त्या आल्या की सगळं येईल असं माझ्या मनानं घेतलं होतं. इतरांच्या पंधरा दिवसांत वाढतात, हिच्याही वाढतील. सरोजकडे पाऊल टाकायचं नाही, मी तिला बजावलं. ती "बरं" म्हणाली. वाद नाही, रडणं नाही.

पंधरा दिवस गेले. महिना गेला. इंदुमतीच्या वाढल्या, माझ्या वाढल्या. कांचनच्या भुवईचा एक केस वाढला नाही. मी शाहपुऱ्याच्या आयुर्वेदिक दुकानातून एरंडेल आणलं आणि रोज दुपारी तिला समोर बसवून दोन बोटांनी भुवयांना चोळायला लागले. कांद्याचा रस लावला. माक्याचं तेल घरी कढवलं. बारा-तेरा वर्षं जे केस जावेत म्हणून मी पीठ रगडलं, तेच यावेत म्हणून आता जिवाचा आटापिटा करत होते. नाकाच्या वरची ती जागा, जिथे त्या जुळायच्या, तिथली कातडी अशी गुळगुळीत होती की तिथे कधी केस उगवलाच नसेल. ती मुकाट बसायची, डोळे मिटून, पाहुणी बसते तशी. एकदा म्हणाली, "तुमचा हात दुखत असेल. राहू द्या आता." मी रडायला लागले. तिनं मला पाणी आणून दिलं. मोरी चुकली, परत वळली, मग आणलं.

एप्रिलात एक दिवस मी भाजी घेऊन आले तर घर उघडं आणि कांचन नाही. मला कुठे शोधायचं ते माहीत होतं. सरोजच्या मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं, कूलर सुरू होता. कांचन खुर्चीत डोळे मिटून बसली होती, सरोज तिच्यासमोर स्टुलावर. हातात दोरा नव्हता, काही नव्हतं. नुसती तिच्याकडे बघत होती.

मी काय काय बोलले ते आठवलं की आज लाज वाटते. चेटकीण म्हटलं, वांझ म्हटलं, पोलिसांना बोलावते म्हटलं. सरोजनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "वांझ नाही, वहिनी. होती मला. सुहासिनी नाव. एकोणीसची होती, टायफॉइड झाला. स्थळाला पाठवायला फोटो काढला आणि तिसऱ्या आठवड्यात गेली. तिच्या आयब्रो मीच करून द्यायची, लग्न ठरेल म्हणून. माझ्या हाताला तेवढीच एक भुवई येते हो. दुसरी येतच नाही. ज्या बाईची करते तिच्यात ती क्षणभर येते आणि निघून जाते. कांचनमध्ये ती बसली. मी बसवली नाही. कांचननं जागा दिली."

"मला माझी मुलगी परत द्या," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "हात जोडते तुम्हाला. परत द्या."

"देते ना," सरोज म्हणाली. खोटं सांगत नव्हती. आई होती, खोटं कशाला सांगेल? "मी का ठेवून घेऊ? तुमची आहे. पण ती कशी होती ते मला माहीत नाही. मी त्या दिवशी खूप बघितलं, पण तुम्ही म्हणालात आहे त्यापेक्षा काहीही बरं, आणि मग मला दिसेनाच. तुम्ही सांगून द्या, तशी करते." तिनं ड्रॉवरमधून काळी पेन्सिल काढली. "भुवयांपासून सांगा."

मी खुर्चीजवळ जाऊन बसले. किती सोपं होतं! "दाट," मी म्हटलं. "काळ्याभोर. इथे मधे जुळलेल्या." सरोज सावकाश काढत गेली. झाल्यावर बाजूला झाली. खुर्चीत सासूबाई बसल्या होत्या. हुबेहूब त्या, एकोणीस वर्षांच्या अंगावर.

"अशा?"

"नाही. अशा नाहीत. तिच्या वेगळ्या होत्या."

सरोजनं कापसानं पुसलं. "वेगळ्या कशा? सुरुवात कुठून व्हायची? डोळ्याच्या या कोपऱ्यावरून की जरा आतून?"

"आतून. नाही, कोपऱ्यावरून. पुढे जरा..." मी हवेत बोट फिरवलं. ती पुन्हा काढू लागली. पुन्हा सासूबाई. पुन्हा पुसलं.

"भुवया राहू द्या," सरोज म्हणाली. किती मऊ बोलत होती. "बाकीचं सांगा, म्हणजे मला अंदाज येईल. डोळे कसे होते तिचे? हसली की गालावर काय व्हायचं? ओठ मिटून हसायची की दात दिसायचे? रडली की आधी काय लाल व्हायचं, नाक की डोळे?"

मी तोंड उघडलं. मसुराचं पीठ आठवलं, सायीचा वास आठवला, कपाळावरचा, गालावरचा, हनुवटीखालचा सुकलेला लेप आठवला. लेपाच्या खाली काय होतं ते येईना. रंग एका छटेनं कमी, नाक थोडं बसकं, भुवया जास्त; कमी काय आणि जास्त काय तेवढं सगळं घडाघडा आठवत होतं. पण ती कशी होती? माझी पोर. एकोणीस वर्षं रोज माझ्यासमोर बसलेली. मी डोळे घट्ट मिटले तर समोर तीच बारीक कमानीची मुलगी आली, उघडले तरी तीच.

"सांगा ना, वहिनी," सरोज म्हणाली. पेन्सिल तिनं तशीच वर धरली होती. "काहीही सांगा. एक गोष्ट सांगा."

कांचननं डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं, रागानं नाही, जरा कणवेनंच. मग सरोजच्या मनगटावर हात ठेवून तिनं तो हळूच खाली घेतला.

"राहू दे गं आई," ती सरोजला म्हणाली. "काकूंना नाही आठवायचं. उगाच त्रास होईल त्यांना."

"थांबा," मी म्हटलं. "आठवतंय मला. एक मिनिट थांबा."

कोणी घाई केली नाही. दोघी माझ्याकडे बघत शांत बसून राहिल्या, संध्याकाळ होईपर्यंत बसून राहिल्या, आणि मला काहीही आठवलं नाही.